आधी कोणाकडे पाहावे? शल्यविशारद पिरोगोव्ह यांची जीवनकथा

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा रात्री-अपरात्री मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात जावे लागले असेल. मुलाचा हात मोडलेला आहे, तो मोठमोठ्याने रडतो आहे, आपण केसपेपर काढून बाकावर बसलो आहोत. तेवढ्यात आपल्या मागून एक म्हातारे गृहस्थ येतात. ना रक्त, ना आरडाओरड. घाम आलेला, चेहरा पांढरा पडलेला, बस्स! परिचारिका त्यांच्या मनगटाला हात लावते आणि त्यांना तडक आत नेते. आपण चिडतो. वशिला असणार, असेही मनात येते. परंतु वशिला नसतो. तुमच्या मुलाचा श्वास नीट चालू आहे, नाडी नीट आहे, तो रडतो आहे म्हणजे शुद्धीवर आहे, हे तिने येता येताच पाहिलेले असते. त्याला अर्धा तास थांबता येईल, म्हाताऱ्यांना पाच मिनिटेही कदाचित थांबता येणार नाही. श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध या तीन गोष्टींवर तिची नजर आधी जाते, आणि जो गप्प पडला आहे त्याच्याकडे ती ओरडणाऱ्याच्या आधी वळते.

ही निवड करण्याची रीत फार जुनी नाही. तिचा उगम युद्धभूमीवर आहे. नेपोलियनच्या फौजेतील शल्यचिकित्सक लारे यांनी हुद्दा आणि देश न पाहता ज्याची जखम गंभीर त्याला आधी, हा नियम घालून दिला. परंतु हजारो जखमी एकदम आले असता त्यांची वाटणी कशी करावी, आणि त्या वाटणीत प्रत्येक गटापाशी परिचारिका नेमून तिच्यावर काय काय सोपवावे, याची पद्धत ज्यांनी उभी केली त्यांत निकोलाय पिरोगोव्ह या रशियन डॉक्टरांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे चरित्र आमच्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचावे असे आणखीही एक कारण आहे. हा माणूस शल्यविशारद होता तसाच शिक्षणाधिकारीही होता.

पिरोगोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८१० रोजी मॉस्को येथे झाला. घर मोठे होते, पण भावंडांपैकी निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. वडील सरकारी खजिन्याकडे नोकरीस होते. घरात एकदा मोठा भाऊ सांधेदुखीने अंथरुणाला खिळला, तेव्हा मुखिन नावाचे नामांकित डॉक्टर आले आणि त्यांच्या उपचाराने तो बरा झाला. धाकट्या निकोलायने हे पाहिले आणि घरच्यांना झोपवून, त्यांची नाडी पाहून, डॉक्टर-डॉक्टर खेळण्याचा त्याला छंदच लागला. पुढे घरावर आपत्ती आली. हाताखालच्या माणसाने सरकारी रक्कम लांबवली आणि तिची भरपाई वडिलांच्या माथी आली. सामानसुमान जप्त झाले. खाजगी शाळेची फी भरणे अशक्य झाले आणि मुलाला काढून घ्यावे लागले. त्या वेळी हेच मुखिन मदतीला धावले. चौदा वर्षांच्या मुलाचे वय सोळा लिहून त्याला विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्यात आला! (हा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांना सुचवावा असा अर्थातच नव्हे.) वर्षभरातच वडील वारले, आणि पुढचे शिक्षण घोर दारिद्र्यात झाले.

१८२८ साली पदवी हाती आली, पण ती कसली? सारे शिक्षण पुस्तकी. एकही शस्त्रक्रिया स्वतः न करता हा तरुण डॉक्टर झाला होता. ही उणीव त्याने दॉर्पात येथील विद्यापीठात भरून काढली. ते शहर म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू. तेथे शवविच्छेदनगृहात रात्रंदिवस काम करून १८३२ मध्ये डॉक्टरेट मिळवली, मग बर्लिनला जाऊन अधिक अभ्यास केला. परतताना वाटेत रीगा येथे आजारी पडले, आणि ते अंथरुणावर असतानाच मॉस्कोतील ज्या जागेची त्यांना आशा होती ती दुसऱ्याला मिळाली. १८३६ साली ते दॉर्पातलाच प्राध्यापक झाले.

येथे त्यांनी एक असे काम केले की जे आजही करायला फार थोडे धजतात. आपल्या विभागातील रुग्णांचा वृत्तांत त्यांनी छापून काढला आणि त्यात आपल्या हातून झालेल्या चुका, आपल्या चुकीने दगावलेले रुग्ण, हे सारे उघडपणे लिहिले. सहकारी दचकले. परंतु ज्याला पुढे शेकडो जखमींतून कोणाला आधी घ्यावे हे ठरवायचे होते, त्याला आपला निर्णय कोठे चुकतो हे ठाऊक असणे भाग होते.

१८४१ पासून ते सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत होते. तेथील मोठ्या इस्पितळात जखमा चिघळून माणसे मरत. जंतूंचे शास्त्र अजून जन्मास यायचे होते. तरी पिरोगोव्ह यांनी चिघळलेल्या जखमांचे रोगी वेगळ्या जागी हलवले, आणि त्यांची मलमपट्टी करणारे लोक व त्यांची हत्यारेही वेगळी ठेवली. वाटणी करण्याची सवय त्यांना अशी युद्धाआधीच लागलेली दिसते.

१८४७ साली त्यांना कॉकेशसमध्ये पाठवण्यात आले. दागेस्तानातील सालता या गावाला रशियन फौजेचा वेढा पडला होता. इमाम शामिल यांच्या लढ्याचा इतिहास ज्यांनी वाचला असेल त्यांना हे नाव परिचित असेल. झाडाच्या फांद्यांची झोपडी, दगडांच्या ओट्यावर पेंढा पसरलेला, आणि गुडघ्यांवर बसून शस्त्रक्रिया करणारे पिरोगोव्ह. ईथरची गुंगी देऊन माणसाला वेदनेविना कापता येते हे जगाला कळून जेमतेम वर्ष होत होते. जखमींचा विश्वास बसेना, म्हणून ते इतर जखमींनाच शस्त्रक्रिया पाहावयास बसवत. सुमारे शंभर शस्त्रक्रिया तेथे अशा झाल्या. स्वतःच्या देशावरील आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ही फौज शत्रूचीच होती, हे आपण विसरू नये. पण वेदना कमी करण्याची ती विद्या पुढे कोणा एका फौजेची राहिली नाही.

मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालण्याची पद्धतही त्यांनी युद्धात मोठ्या प्रमाणावर वापरली. एका शिल्पकाराच्या कारखान्यात ओल्या जिप्समने कापड कसे घट्ट होते हे पाहून त्यांना ती सुचली. हॉलंडचे मातायसेन यांनीही स्वतंत्रपणे त्याच सुमारास ती काढली होती. या एका पट्टीने कित्येकांचे हातपाय कापावयाचे वाचले.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध झाले. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्की सल्तनत, इंग्रज आणि फ्रेंच. तुर्कस्तानात इस्तंबूलसमोरच्या उस्कुदार येथील बराकीत नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिका घेऊन पोहोचल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्याच महिन्यात काळ्या समुद्राच्या पलीकडे, वेढ्यात सापडलेल्या सेवास्तोपोल शहरात पिरोगोव्ह पोहोचले, हे मात्र पुस्तकात नसते.

त्यांनी काय पाहिले? दोन हजारांहून अधिक जखमी घाणेरड्या गाद्यांवर एकमेकांना खेटून पडलेले. कोणाची जखम ताजी, कोणाची सडलेली, सारे एकत्र. डॉक्टर जो ओरडेल त्याच्याकडे धावत, त्याला अर्धवट पाहून दुसऱ्याकडे धावत. सुमारे दहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिरोगोव्ह कापाकापी करीत राहिले, आणि ज्यांच्यावर लढाई संपताच शस्त्रक्रिया व्हावयास हवी होती त्यांचीच ती कापाकापी होती. त्यांच्या लक्षात आले, की येथे डॉक्टरांचे कौशल्य कमी पडत नाही, व्यवस्था कमी पडते आहे. चांगला सर्जन आणि वाईट व्यवस्था यांची गाठ पडली तर सर्जन हरतो.

शहरात सरदार-उमरावांच्या सभेचा एक भव्य दिवाणखाना होता, जेथे पूर्वी नाचगाणी चालत. तेथे मुख्य मलमपट्टी केंद्र केले होते. जखमी आला की तो आधी तेथे उतरवला जाई आणि हातात सुरी घेण्यापूर्वी त्याची वाटणी होई. ज्यांचा जीव ताबडतोब शस्त्रक्रिया न केल्यास जाईल, ते लगेच मेजावर. ज्यांना उद्यापर्यंत किंवा पुढच्या इस्पितळापर्यंत थांबता येईल, त्यांना पट्टी, प्लास्टर आणि रवानगी. किरकोळ जखमी पट्टी बांधून परत आपल्या तुकडीकडे. आणि ज्यांच्या वाचण्याची आशा नाही, ते एका व्यापाऱ्याच्या रिकाम्या घरात, परिचारिकांच्या आणि धर्मगुरूंच्या स्वाधीन.

वाचकहो, हा शेवटचा गट वाचून आपल्या अंगावर काटा आला असेल. डॉक्टर जिवंत माणसाकडे पाठ फिरवतो? परंतु थोडा विचार करा. सर्जन एक, मेज दोन-तीन, जखमी तीनशे. जो कोणत्याही उपायाने वाचणार नाही त्याच्यावर दोन तास घालवले, तर त्या दोन तासांत वाचू शकणारे चारजण बाकावर रक्तस्रावाने मरतात. इस्पितळात रोजच्या दिवशी हा प्रश्न येत नाही. तेथे सर्वांत अत्यवस्थ माणसालाच सर्वांत आधी आणि सर्व साधनांनिशी पाहिले जाते. भूकंप, रेल्वे अपघात, बॉम्बस्फोट अशा वेळी मात्र आजही लाल, पिवळी, हिरवी आणि काळी अशा चिठ्ठ्या बांधून हीच वाटणी करतात. आणि ती एकदा करून संपत नाही. हिरव्या चिठ्ठीचा माणूस बसल्या जागी लाल होऊ शकतो, म्हणून परिचारिकेला पुन्हापुन्हा फेरी मारून नाडी, श्वास, रक्तदाब पाहावा लागतो.

आशा सोडलेल्यांच्या त्या घरात उपचार नव्हता, पण सेवा होती. पाणी, चहा, घोटभर दारू, स्वच्छ चादर, हात धरून बसणे, घरी पत्र लिहून देणे. सडलेल्या जखमांच्या दुर्गंधीत दिवसच्या दिवस राहून हे काम करणे किती कठीण, हे सांगावयास नको.

हे करणाऱ्या कोण होत्या? राजघराण्यातील येलेना पाव्लोव्हना यांनी १८५४ मध्ये स्त्रियांचा एक सेवासंघ स्थापन केला होता आणि त्याची वैद्यकीय सूत्रे पिरोगोव्ह यांच्या हाती दिली होती. त्यात विधवा होत्या, सामान्य घरच्या मुली होत्या, आणि गव्हर्नरची कन्या येकातेरिना बाकुनिना यांच्यासारख्या खानदानी स्त्रियाही होत्या. लष्करी अधिकाऱ्यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. फौजेत बायकांचे काय काम, असा त्यांचा सवाल. (आपल्याकडे मुलीने नर्सिंगचा अर्ज आणला की घरात जो सवाल निघतो, तोच!) पिरोगोव्ह यांनी वाद घातला नाही, कामे वाटून दिली. काही भगिनी मलमपट्टी व शस्त्रक्रियेच्या मदतीला, काहींच्या हाती औषधांची कोठी, काहींकडे कपडे, अन्न आणि मुदपाकखाना. पुढे जखमींच्या गाड्यांबरोबर दूरच्या इस्पितळांपर्यंत जाणाऱ्यांचा एक गट झाला, त्याची जबाबदारी बाकुनिना यांनी कडाक्याच्या थंडीत सांभाळली. कोठीच्या किल्ल्या भगिनींच्या हाती गेल्याबरोबर रुग्णांच्या तोंडचा घास पळवणाऱ्या कारकुनांची आणि कंत्राटदारांची पंचाईत झाली, हा तर न मागता मिळालेला लाभ. संघ येण्यापूर्वीच दाशा नावाची सेवास्तोपोलची एक गरीब मुलगी आपले किडूकमिडूक विकून, गाडी घेऊन, आल्मा नदीच्या रणांगणावर जखमींना पट्ट्या बांधत फिरली होती. तीही पुढे या कामात राहिली.

१८५५ च्या वसंतात तोफांचा भडिमार सुरू झाला तेव्हा एकेका रात्रीत शेकडो जखमी येत, आणि त्या दिवाणखान्यात गोंधळ होत नसे. अनेक भगिनी टायफसने गेल्या. पिरोगोव्ह स्वतःही तापाने पडले, उठले आणि पुन्हा मेजापाशी गेले.

युद्धानंतर त्यांनी सर्वांना चकित केले. १८५६ मध्ये एका नौदलाच्या मासिकात त्यांनी शिक्षणावर एक लेख लिहिला. मूल लहान आहे तोच त्याला अमुक धंद्याच्या साच्यात घालू नका, आधी त्याला माणूस होऊ द्या, असा त्याचा आशय होता. लेख देशभर गाजला आणि त्यांना ओडेसा व नंतर कीव्ह येथे शिक्षणखात्याचे प्रमुख नेमण्यात आले. जात, वर्ग आणि धर्म पाहून शाळेचे दार बंद करण्यास त्यांचा विरोध होता. ज्यू मुलांच्या शाळांची त्यांनी जाहीरपणे बाजू घेतली. कीव्हमध्ये १८५९ साली कामकऱ्यांसाठी रविवारच्या शाळा निघाल्या, त्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी शिकवत. त्यांना त्यांचे पाठबळ होते. शाळेतील छडीच्या विरुद्ध ते होते, पण कीव्हच्या नियमावलीत क्वचित प्रसंगी ती राहू देण्यास त्यांनी संमती दिली आणि त्याबद्दल त्यांच्यावर सडकून टीका झाली. माझ्या मते ती टीका योग्यच होती. विद्यार्थ्यांवर गुप्त पाळत ठेवण्याचे काम मात्र त्यांनी साफ नाकारले. १८६१ मध्ये त्यांची नोकरी गेली.

ते आज युक्रेनमध्ये असलेल्या विनित्सा शहराजवळ विश्न्या येथील आपल्या जमिनीवर राहू लागले आणि खेड्यापाड्यांतील गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवू लागले. १८६२ साली इटलीचा वीर गारिबाल्डी पायात गोळी लागून पडला. पाय कापावा असे अनेक डॉक्टर म्हणत. पिरोगोव्ह यांनी जाऊन पाहिले, गोळी आत आहे पण घाई करू नका, असा सल्ला दिला. पुढे गोळी निघाली आणि पाय राहिला. केव्हा धावावे हे ज्याला कळते, त्याला केव्हा थांबावे हेही कळते. १८७७ च्या रशिया-तुर्की युद्धात सदुसष्टीला पोहोचलेले हे गृहस्थ घोडागाडीतून बल्गेरियातील इस्पितळे तपासत फिरले.

१८८१ च्या मे महिन्यात मॉस्कोने त्यांच्या कार्याची पन्नास वर्षे साजरी केली. त्याच दिवसांत त्यांच्या तोंडातील जखम सहकाऱ्यांनी पाहिली आणि कर्करोगाचे निदान केले. व्हिएन्नाचे बिलरोथ यांनी तपासून धीर दिला, काही नाही म्हणाले आणि शस्त्रक्रिया केली नाही. त्या वयात ती निष्फळ ठरली असती, हे त्यांना ठाऊक होते. पिरोगोव्ह घरी आले आणि आठवणी लिहीत बसले. ते लिखाण अपुरे राहिले. ५ डिसेंबर १८८१ रोजी ते वारले. त्यांच्या एका शिष्याने त्यांचा देह औषधी द्रव्यांनी टिकवला, आणि विश्न्या येथील छोट्या देवळाच्या तळघरात काचेखाली तो आजही आहे. जवळच त्यांचे घर आहे. १९४७ पासून तेथे संग्रहालय आहे.