‘मोडशी’ची नोंद करणारे गार्सिया द ओर्ता

कोकणात आणि गोव्यात पोट बिघडले की जुनी माणसे अजून ‘मोडशी झाली’ म्हणतात. साडेचारशे वर्षांपूर्वी हा शब्द एका पोर्तुगीज वैद्याने आपल्या ग्रंथात नोंदवला. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यात ते जन्मले. स्पेनमध्ये वैद्यक शिकून १५३४ मध्ये ते गोव्याला आले आणि इथलेच झाले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्यांचा स्नेही होता. मुंबई बेटही त्यांच्याकडे खंडाने होते. दालचिनी, लवंग, हिंग, कापूर असे एकेक द्रव्य घेऊन त्यांनी संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे, हा त्यांचा बाणा होता.

मोडशी म्हणजे तेव्हाचा पटकी, कॉलरा. हाताला जेमतेम लागणारी नाडी, गार घाम, खोल गेलेले डोळे, न शमणारी तहान, पायांत गोळे हे सारे त्यांनी टिपले. काही रोगी दहा तासही टिकत नाहीत, हेही लिहिले. आजच्या डॉक्टरलाही त्या वर्णनावरून निदान करता येईल. रोगाचे खापर मात्र त्यांनी अतिखाण्यावर फोडले. जंतू दिसायला अजून तीन शतके होती.

इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देत, असे ते नोंदवतात. (तळपायाला डागही देत, त्याचे कौतुक नको.) या वाटीत गुण कशाचा? जिरे, लवंग, दालचिनी यांतली उडून जाणारी सुगंधी तेले जंतूंच्या स्निग्ध आवरणात शिरतात. आवरण झिरपू लागते आणि जंतूची वाढ खुंटते. पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांनी १८८७ मध्ये अशा तेलांचा जंतूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासला होता. पण काचेच्या बशीतले यश ताटात तसेच उतरत नाही. अन्नातली चरबी आणि प्रथिने तेलाचा जोर कमी करतात. मात्रा वाढवावी तर घास तोंडात घेववत नाही. चिमूटभर जिऱ्याने पटकीचे जंतू मरत नाहीत. रोग्याला आधार मिळत असेल तर तो पेजेतल्या पाण्याचा आणि पिष्टाचा. जुलाबात तांदळाची पेज मीठ घालून पाजतात, ती याच कारणाने.

ओर्ता १५६८ मध्ये वारले. चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्तांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश युरोपात छापला जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.