बहात्तरच्या दुष्काळातले वसंतराव नाईक

पुसद : वसंतराव नाईकांचा जन्म 1 जुलै 1913 चा, आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. घर बंजारा समाजातलं, शेती करणारं. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणारा हा समाज. जिथं माणसाला अन् बैलाला पाणी, तिथंच तांड्याचा मुक्काम. वसंतराव नागपूरला वकिली शिकले, पुसदला वकिली केली, 1952 ला आमदार झाले. 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री झाले ते फेब्रुवारी 1975 पर्यंत.

खरी परीक्षा पाहिली ती बहात्तरच्या दुष्काळानं. राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत आधीची दोन वर्षंही पाऊस कमीच होता. विहिरींचा तळ उघडा पडला, कडबा संपला. दावणीची जनावरं लोकांनी मिळेल त्या भावात विकली. धान्य बाहेरून आणता येतं, अमेरिकेचा लाल मिलो खाऊन लोक जगलेही. पाणी मात्र जवळच शोधावं लागतं. विहिरी खोल करणं, टँकर, जनावरांच्या छावण्या असं सगळं सरकारनं सुरू केलं. काळ्या पाषाणात यंत्रानं बोअर घेऊन हातपंप बसवायचं काम युनिसेफच्या मदतीनं वाढलं.

टँकर आजचं भागवतो, उद्या पुन्हा रिकामी घागर. म्हणून रोजगार हमीचं महत्त्व जास्त. कल्पना वि. स. पागे यांची. वसंतरावांच्या सरकारनं ती राज्यभर नेली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. त्यांच्या टोपल्यांनी पाझर तलाव बांधले गेले, नाले अडवले गेले. पाझर तलावाला पाट नसतो. साठलेलं पाणी जमिनीत मुरतं अन् खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. त्याच विहिरीवर घरची घागर भरते अन् गुरांचा हौदही.

सगळीच कामं अशी नव्हती, हेही खरं. कितीतरी हात नुसती खडी फोडण्यात गेले. मजुरी मिळाली, पण गावात पाण्याचा थेंब वाढला नाही. तेवढे हात तलावांवर लागले असते तर बरं झालं असतं.

रोजगार हमीचा कायदा 1977 ला झाला अन् 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच वर्षी 18 ऑगस्टला वसंतराव सिंगापूरला वारले.