रुग्णालयांची रचनाकार

हाती दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांची विचारपूस करणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुमच्या परिचयाची असेल. पण तो दिवा खाली ठेवल्यावर तिने जे कार्य केले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. रुग्णालयाच्या भिंती, खिडक्या व दालने कशी असावीत, याची शिस्त तिने घालून दिली. माझ्या मते हे कार्य त्या दिव्याहून लहान नाही.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. शहरावरूनच तिचे नाव पडले. घरची श्रीमंती होती आणि शुश्रूषेचे काम तर त्या काळी हलके मानले जाई. घरच्यांचा विरोध सोसून ती त्यात शिरली.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांसह ती तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेली. तेथील लष्करी रुग्णालय म्हणजे एक अवाढव्य बराक होती. खालची गटारे तुंबलेली, आतील हवा कोंडलेली. परिचारिका रात्रंदिवस झटत, तरी माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य-समितीने गटारे उपसली, हवेला वाट करून दिली. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. युद्धानंतर हे आकडे मांडून पाहताना फ्लॉरेन्सच्या ध्यानात आले की, कितीतरी शिपाई शत्रूच्या गोळीने नव्हे, तर ज्या इमारतीत ते बरे होण्यासाठी आले, तिच्यामुळेच दगावले. या जाणिवेने तिची पाठ कधी सोडली नाही.

१८५६ मध्ये ती मायदेशी परतली, तेव्हा नेटली येथे पाण्याकाठी पाव मैल लांबीचे भव्य लष्करी रुग्णालय उभारण्याचे काम सुरू झाले होते. त्याचा आराखडा पाहून ती अस्वस्थ झाली. पाण्यावरची मोकळी हवा मिळणार लांबलचक व्हरांड्यांना, आणि रोग्यांच्या खोल्या मात्र मागच्या अंगाला! तिने थेट पंतप्रधान पामर्स्टन यांना गाठले. त्यांना तिचे म्हणणे पटलेही. पण पाया घातला गेला होता, पैसा खर्ची पडला होता. थोडेफार फेरबदल होऊन १८६३ मध्ये ते रुग्णालय मूळच्याच धर्तीवर उघडले.

दरम्यान फ्लॉरेन्सची प्रकृती ढासळली होती. बरेचसे काम ती अंथरुणातूनच करी. तशाही स्थितीत १८५९ मध्ये तिने रुग्णालयांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. दालन लांबट असावे, त्यात सुमारे तीस खाटा असाव्यात, दर दोन खाटांमागे निदान एक उंच खिडकी असावी, आणि खिडक्या समोरासमोर असाव्यात, म्हणजे वारा आरपार जाईल. शौचकूप टोकाशी असावेत. परिचारिकेला सर्व रोगी एका दृष्टिक्षेपात दिसावेत. इमारती एकमेकींपासून दूर असाव्यात. रोग दूषित हवेतून उद्भवतो, अशी तिची समजूत होती. रोगजंतूंचे ज्ञान पुढे झाले आणि ती समजूत मागे पडली. खिडक्यांचे महत्त्व मात्र कमी झाले नाही.

रेल्वेला जागा द्यावी लागल्यामुळे लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय नव्याने बांधावे लागले. हेन्री करी या वास्तुशिल्पज्ञाने ते या तत्त्वांनुसार थेम्स नदीच्या तीरावर उभारले. १८७१ मध्ये ते खुले झाले. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, तरी येथील बराकी व खेडी यांच्या आरोग्यासाठी ती अनेक वर्षे लिहीत राहिली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी तिचे निधन झाले. नेटलीची ती भव्य इमारत १९६६ मध्ये पाडण्यात आली. तिच्यातील प्रार्थनामंदिर तेवढे राहिले आहे. थेम्सच्या काठावरील सेंट टॉमसच्या जुन्या इमारतींपैकी काही अद्याप उभ्या आहेत.