गिल हॉजेस : ज्यांच्यासाठी ब्रुकलिनने प्रार्थना केली

रुग्णांसाठी, प्रवाशांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी आपल्या देवमंदिरांत नित्य प्रार्थना होतात. परंतु एखाद्या फलंदाजाला धावा जमेनाशा झाल्या म्हणून धर्मगुरूंनी वेदीजवळून त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगावे, असे आमच्या ऐकिवात क्वचितच आले आहे. न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात १९५३ साली असे घडले. ज्यांच्यासाठी ते घडले त्या गिल हॉजेस यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी थोडा खुलासा करतो. या खेळात चेंडू जमिनीवर न आपटता थेट फलंदाजाकडे फेकला जातो. मैदानावर चार टप्पे असतात. त्यांना 'बेस' म्हणतात. ते चारही पार करून फलंदाज परतला की संघाला एक धाव मिळते. चेंडू कुंपणाबाहेर गेला तर तो 'होम रन'. तो आपल्या षटकारासारखा समजावा. क्रिकेटपटूला येथे एक गोष्ट नवलाची वाटेल. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम गणला जातो. सात वेळा तो बादच होतो. अपयश हा या खेळाचा रोजचा भाग आहे. हे ध्यानी घेतल्याशिवाय हॉजेस यांची कथा नीट उमगणार नाही.

गिल हॉजेस यांचा जन्म ४ एप्रिल १९२४ रोजी इंडियाना राज्यातील प्रिन्स्टन येथे झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब जवळच्या पीटर्सबर्ग गावी राहावयास गेले. वडील चार्ल्स कोळशाच्या खाणीत कामाला होते. खाणीतील अपघातांत त्यांनी एक डोळा गमावला, पायाची काही बोटे गमावली. आपल्या मुलांनी खाणीत उतरू नये ही त्यांची इच्छा होती आणि खेळ हा त्यावरचा एक मार्ग होता. रेन्सेलर येथील संत जोसेफ या कॅथलिक कॉलेजात गिल दाखल झाले. १९४३ साली ब्रुकलिन डॉजर्स संघाने त्यांना करारबद्ध केले. त्या मोसमाच्या अखेरीस ते एकच सामना खेळले आणि लगेच अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाले. पॅसिफिक महासागरातील टिनियन व ओकिनावा या बेटांवर त्यांनी विमानविरोधी तोफदलात सेवा केली आणि त्याबद्दल त्यांना 'ब्राँझ स्टार' पदक मिळाले. या पराक्रमाविषयी ते क्वचितच बोलत.

युद्धानंतर ते ब्रुकलिनला परतले ते फलंदाजाच्या मागे उभा राहणारा 'कॅचर' म्हणून. याच १९४७ साली जॅकी रॉबिन्सन डॉजर्सतर्फे मैदानात उतरले आणि विसाव्या शतकात प्रथमच एक कृष्णवर्णीय खेळाडू अमेरिकेच्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये दिसला. पुढच्या वर्षी रॉय कॅम्पानेला हे आणखी एक गुणी कृष्णवर्णीय कॅचर संघात आले आणि हॉजेस यांना आपली जागा सोडून पहिल्या बेसवर जावे लागले. ती जागा त्यांच्यासाठी अगदी नवी होती. पण त्यांचे पंजे इतके मोठे आणि हालचाल इतकी सफाईदार होती की काही वर्षांतच पहिल्या बेसवरील सर्वोत्तम क्षेत्ररक्षकांत त्यांची गणना होऊ लागली. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी 'गोल्ड ग्लव्ह' पुरस्कार १९५७ साली सुरू झाला, तेव्हा पहिली तीन वर्षे तो त्यांनाच मिळाला.

२६ डिसेंबर १९४८ रोजी त्यांचा विवाह ब्रुकलिनच्याच जोन लोम्बार्डी यांच्याशी झाला. त्यांना एक पुत्र व तीन कन्या झाल्या. खाणकामगाराचा मुलगा पुढे आयुष्यभर ब्रुकलिनकर होऊन राहिला. त्या काळी नामवंत खेळाडूसुद्धा प्रेक्षकांच्या शेजारच्या गल्लीत राहत, त्याच दुकानांत सामान घेत आणि रविवारी त्याच देवमंदिरात मिस्सेला बसत. आजच्या कोट्यधीश खेळाडूंच्या युगात याची कल्पना करणेही कठीण जाते.

१९५० ते १९५९ हे दशक हॉजेस यांचे होते. ३१ ऑगस्ट १९५० रोजी बोस्टन ब्रेव्हजविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन मारले आणि आपल्या फटक्यांवर नऊ धावा घडवून आणल्या. १९४९ ते १९५५ अशी सलग सात वर्षे त्यांच्या फटक्यांवर संघाला दर मोसमात शंभरहून अधिक धावा मिळाल्या. १९५४ साली त्यांचे ४२ होम रन झाले. सबंध दशकात त्यांनी ३१० होम रन मारले. त्या दहा वर्षांत त्यांच्यापुढे केवळ एकच फलंदाज होता, ३२६ होम रन मारणारे ड्यूक स्नायडर, आणि तेही त्यांच्याच संघातले.

पण आम्ही ज्या घटनेसाठी हा लेख लिहीत आहोत ती या आकड्यांत सापडत नाही.

१९५२ च्या ऑक्टोबरमध्ये डॉजर्स आणि न्यू यॉर्क यांकीज यांच्यात 'वर्ल्ड सिरीज' ही अंतिम मालिका झाली. सात सामन्यांत हॉजेस यांनी एकवीस वेळा प्रयत्न केला आणि त्यांना एकही यशस्वी फटका मारता आला नाही. एकवीसपैकी शून्य! डॉजर्स सातवा सामना हरले आणि मालिकाही. ब्रुकलिनचे प्रेक्षक तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवण्यात ते मागे नसत. पण हॉजेस यांची हुर्यो त्यांनी उडवली नाही. ते फलंदाजीला आले की टाळ्या होत. त्यांच्या घरी पत्रांचा ढीग पडला. कोणी जपमाळा पाठवल्या, ज्यू शेजाऱ्यांनी आपल्या रीतीची शुभचिन्हे पाठवली.

हिवाळा संपला, १९५३ चा मोसम सुरू झाला, तरी गाडे रुळावर येईना. मे महिन्यात त्यांना काही सामन्यांसाठी वगळण्यात आले. त्याच महिन्यातील एका उकाड्याच्या रविवारी ब्रुकलिनमधील संत फ्रान्सिस झेवियर देवमंदिरात फादर हर्बर्ट रेडमंड मिस्सा अर्पण करत होते. (ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत आणि ज्यांच्या दर्शनाला आपल्या धर्मग्रामांतून भाविक जातात, तेच हे संत.) आज प्रवचनाला हवा फार गरम आहे, तेव्हा घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, अशा अर्थाचे दोन शब्द बोलून फादरांनी प्रवचन आटोपले.

यात विनोद होता हे उघड आहे. तरीही आमच्या मते हा नुसता विनोद नव्हता. अपयशी माणसाला लोकांत तोंड दाखवणे जड जाते. त्याच्या गळ्यात पराभवाचे खापर बांधणे सर्वांत सोपे असते आणि खेळाच्या मैदानावर तर तो रिवाजच आहे. हजारो अनोळखी माणसांनी तसे न करता त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढे काय झाले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण अशा हकिकतींना चमत्काराचा रंग पटकन चढतो. संघाचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी हॉजेस यांच्या फलंदाजीचे चित्रीकरण करवून ते त्यांना दाखवले. चेंडू येताना त्यांचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो, ही चूक त्यात दिसली. सरावाने ती सुधारली. त्या मोसमाअखेर त्यांची सरासरी हजारी ३०२ झाली, होम रन ३१ झाले आणि त्यांच्या फटक्यांवर १२२ धावा आल्या. प्रार्थना आणि चित्रफीत, दोहोंपैकी श्रेय कोणाचे, हा वाद ब्रुकलिनने घातला नाही. आम्हीही घालत नाही.

दोन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, पुन्हा यांकीजविरुद्धच सातवा सामना होता. डॉजर्सने तोवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. तो सामना त्यांनी २-० असा जिंकला आणि दोन्ही धावा हॉजेस यांच्या फटक्यांवर आल्या. शेवटचा गडीही पी वी रीस यांच्या फेकीवर हॉजेस यांच्याच हातमोज्यात बाद झाला. ब्रुकलिनला मिळालेले ते एकमेव अजिंक्यपद. १९५७ च्या मोसमानंतर मालकांनी संघ लॉस एंजेलिसला हलवला. हॉजेस तिकडे गेले, १९५९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण घर ब्रुकलिनलाच राहिले. १९६२ साली नव्या न्यू यॉर्क मेट्स संघातून खेळण्यासाठी ते परतले आणि १९६३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ३७० होम रन होते. नॅशनल लीगमधील उजव्या हाताच्या फलंदाजांत तो तेव्हा उच्चांक होता. त्याच वर्षी विली मेज यांनी तो मागे टाकला.

त्यानंतर वॉशिंग्टनच्या दुबळ्या संघाचे मॅनेजरपद त्यांनी सांभाळले आणि १९६८ मध्ये ते मेट्सचे मॅनेजर झाले. मेट्स हा सर्वांच्या चेष्टेचा विषय होता. त्या सप्टेंबरमध्ये अटलांटा येथे सामना चालू असतानाच हॉजेस यांना हृदयविकाराचा झटका आला. तरी पुढच्या वर्षी ते कामावर हजर झाले आणि मेट्सने १०० सामने जिंकून १९६९ ची वर्ल्ड सिरीजही जिंकली. अखेरच्या सामन्यात चेंडू क्लिऑन जोन्स यांच्या पायाला लागला की नाही यावर वाद झाला. हॉजेस शांतपणे चेंडू घेऊन पंचांकडे गेले, त्यावरचा बुटाच्या पॉलिशचा डाग दाखवला आणि पंचांनी निर्णय फिरवला. या डागाविषयी पुढे खेळाडूंनी निरनिराळ्या हकिकती सांगितल्या. हॉजेस यांच्या सांगण्यावरून आपणच तो चेंडू बुटावर घासला, असेही गोलंदाज जेरी कूसमन यांनी म्हटले. खरे काय ते असो. पंचांनी मात्र हॉजेस यांचा शब्द आहे म्हणून तो मानला, असे समजले जाते.

२ एप्रिल १९७२, प्रभूच्या पुनरुत्थानाचा रविवार. फ्लोरिडात सहकाऱ्यांबरोबर गोल्फ खेळून परतताना हॉजेस कोसळले आणि त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळीसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. ब्रुकलिनमधील 'ख्रिस्ती जनांची साहाय्यकारी माता' या त्यांच्या धर्मग्रामात अंत्यविधीची मिस्सा झाली. मधुमेहाने दृष्टी मंदावलेले जॅकी रॉबिन्सनही तिला आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेही गेले.

बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये प्रवेशासाठी मतदारांपैकी ७५ टक्क्यांची संमती लागते. हॉजेस यांचे नाव पंधरा वेळा क्रीडापत्रकारांपुढे आले आणि दरवेळी मते कमी पडली. १९८३ च्या अखेरच्या खेपेस ती ६३ टक्क्यांवर थांबली. १९९३ मध्ये ज्येष्ठांच्या समितीत ते एका मताने राहिले. जोन यांनी या काळात मुलेबाळे, नातवंडे पाहिली आणि वाटही पाहिली. डिसेंबर २०२१ मध्ये सोळा जणांच्या समितीत बारा मते पडली आणि निवड झाली. २४ जुलै २०२२ रोजी कूपर्सटाउन येथील समारंभात कन्या आयरीन यांनी वडिलांच्या वतीने भाषण केले. त्यानंतर आठ आठवड्यांनी, १७ सप्टेंबर रोजी, ९५ वर्षांच्या जोन देवाघरी गेल्या.