भास्कराचार्य : वर्गवर्गाची गाठ सोडवणारा गणिती

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. शांडिल्य गोत्रातील हे घराणे ज्योतिष आणि अध्यापन यांत मुरलेले होते. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांपैकी ‘लीलावती’ला लोकप्रियता अधिक लाभली, परंतु आचार्यांच्या बुद्धीची खरी कसोटी ‘बीजगणिता’त पाहावयास मिळते.

आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड होय, अशी नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. ते गाव नेमके कोणते, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही. कोणी विजापूरकडे बोट दाखवतात, तर कोणी खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटणकडे. सीमाभागात असा वाद केवळ पंडितांपुरता राहत नाही. बेळगावला लागून असलेले शहापूर आधी सांगली संस्थानात होते, पुढे मुंबई राज्यात आले आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. गाव जागचे हलले नाही. त्यावरील सत्तेचे नाव तेवढे बदलत गेले. आचार्यांच्या हयातीतही दख्खनवर चालुक्य, कलचुरी आणि यादव यांच्या सत्ता पालटत होत्या. या उलथापालथीत त्यांचे अध्ययन मात्र अखंड चालू राहिले.

अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत. अज्ञात राशी अनेक असल्या की काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावे योजत. चौथ्या घाताला त्यांची संज्ञा ‘वर्गवर्ग’. वर्गसमीकरणाची रीत त्या काळी रुळलेली होती. त्याहून मोठे घात आले की सर्वत्र लागू पडणारा नियम हाती नसे. अशाच एका उदाहरणात ते विचारतात, की एका राशीला दोनशेने गुणले, त्यात तिचा वर्ग मिळवला, बेरीज दुप्पट केली आणि ती त्या राशीच्या वर्गवर्गातून वजा केली, तर दहा हजारांना एक कमी उरतो. ती राशी कोणती?

राशीला क्ष मानले, तर एका बाजूस क्षचा वर्गवर्ग, उणे क्षवर्गाची दुप्पट, उणे चारशे क्ष असे येते आणि दुसऱ्या बाजूस ९९९९. दोन्ही बाजूंत चारशे क्ष आणि एक मिळवले, की डावीकडे त्रिपदी उरते आणि तिचे वर्गमूळ सहज निघते. उजवीकडे मात्र चारशे क्ष अधिक दहा हजार राहतात. त्यांचे मूळ निघत नाही आणि रीत तेथेच अडते. आचार्य हा अडथळा लपवीत नाहीत. येथे गणकाने आपली बुद्धी चालवावी, असे सांगून ते क्षवर्गाची चौपटही दोन्ही बाजूंत मिळवतात. आता डावी त्रिपदी होते क्षवर्ग अधिक एक, यांचा वर्ग. उजवी होते दोन क्ष अधिक शंभर, यांचा वर्ग. दोन्हींची मुळे समान धरली, की उरते साधे वर्गसमीकरण आणि उत्तर येते ११. ताळा करून पाहावा : १४६४१ मधून २४२ आणि ४४०० वजा केले, की बरोबर ९९९९ उरतात.

घातांक मोठा दिसला की विद्यार्थी सूत्र शोधू लागतो. आचार्य त्या पदांत दडलेला वर्ग शोधावयास शिकवतात. बुद्धी हेच खरे बीज, अशी त्यांची धारणा होती.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुत्र लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मान मिळाला. नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापला. त्याविषयीचा इ.स. १२०७ चा शिलालेख संस्कृतात आरंभ होतो आणि दानाच्या तपशिलापाशी येताच मराठीत उतरतो. बाजारातील व्यवहारांवरचा हिस्सा आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात ठरले आहे. राजाश्रयाच्या जोडीला तेल्याच्या घाण्यावरही ही विद्या पोसली गेली.

हा लेख विस्मृतीतून बाहेर काढून १८६५ मध्ये विद्वानांपुढे ठेवला तो गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. तत्पूर्वी, १८१७ मध्ये, कोलब्रुक यांच्या इंग्रजी अनुवादाने आचार्यांचे बीजगणित लंडनला पोहोचले होते. विजापूर की पाटण, हा निर्णय इतिहासकार यथावकाश करतील. चाळीसगावच्या त्या दगडावर एवढे मात्र निश्चित कोरलेले आहे, की आठशे वर्षांपूर्वी एका बाजारपेठेने बीजगणिताच्या अध्ययनासाठी आपल्या कमाईचा वाटा काढून ठेवला होता.