चिठ्ठीचा रंग

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटांच्या मेळाव्यात मागे एक गंमत झाली. गंमत कसली, मला तर घामच फुटला! खेळांसाठी आम्ही पिशवीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुणाला पिवळी आली, कुणाला हिरवी. एरवी या बायका एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या. पण दुपारी पिवळ्या वेगळ्या जेवायला बसल्या आणि हिरव्यांनी समोरच्यांच्या रांगोळीला गुण देताना चक्क हात आखडता घेतला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मानसशास्त्र शिकणारी माझी लेक म्हणाली की, यावर हेन्री ताजफेल यांनी फार मोठं काम केलंय. म्हणून त्यांचं आयुष्य वाचलं आणि आठ दिवस डोक्यातून जाईना.

ताजफेल यांचा जन्म १९१९ चा, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. रसायनशास्त्र शिकायला ते फ्रान्सला गेले. महायुद्ध सुरू झालं, ते फ्रेंच सैन्यात दाखल झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. कैदेत त्यांनी ज्यू असल्याचं लपवलं नाही, पण आपण पोलंडचे आहोत हे मात्र कळू दिलं नाही. फ्रेंच म्हणूनच राहिले. पहारेकऱ्यांशी कितीही बरं जमलं असतं, तरी पोलंडचा ज्यू म्हटल्यावर मरण ठरलेलं. माणूस तोच, पण जगणं-मरणं ठरणार ते तो कुठल्या गटातला यावरून! १९४५ मध्ये सुटून आले तेव्हा घरचं जवळचं कुणीच उरलं नव्हतं.

पुढे काही वर्षं त्यांनी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी काम केलं. १९५१ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पस्तिशीत मानसशास्त्राची पदवी घेतली. (चाळिशीत पुन्हा शिकायला लाजणाऱ्या मैत्रिणींनो, ऐकताय ना?) १९६७ पासून ते ब्रिस्टॉलला प्राध्यापक होते.

तिथल्याच शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर त्यांनी जो प्रयोग केला, तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर ठिपके दाखवून किती ते ओळखायला सांगितलं आणि मुलांचे दोन गट केले. खरं तर गट कसेही पाडले होते. मग प्रत्येकाने इतरांना गुण द्यायचे, त्या गुणांचे पैसे मिळणार. स्वतःला काहीच नाही. समोरच्याचं नावही ठाऊक नाही, फक्त गट ठाऊक. तरी बहुतेकांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुढच्या एका प्रयोगात आपल्याला १९ आणि त्यांना २५ घेता येत असतानाही मुलांचा कल वेगळाच! आपल्याला कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत.

ना जुनं वैर, ना बांधाचं भांडण. नुसतं ‘आपण’ आणि ‘ते’ एवढं पुरलं. आपला गट वरचढ ठरला की आपणही मोठे झाल्यासारखं वाटतं, असा विचार ताजफेल यांनी जॉन टर्नर यांच्यासोबत १९७९ मध्ये मांडला. १९८२ मध्ये ते गेले.

इथेच थांबावं असं वाटत होतं. पण आणखी एक गोष्ट आहे. ताजफेल यांनी कामाच्या ठिकाणी स्त्रियांना त्रास दिल्याचं, त्यांचं लैंगिक शोषण केल्याचं अभ्यासकांनी पुढे आणलं आणि २०१९ मध्ये युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या पुरस्काराचं त्यांचं नाव काढून टाकलं. हे वाचून मी काय केलं असेल? मनातल्या मनात त्यांची बाजू घेतली! एवढं सोसलेला माणूस, असं कसं करेल? मग माझीच मला लाज वाटली. आठ दिवसांत मी त्यांना ‘आपलं’ करून टाकलं होतं आणि त्या बायकांना ‘त्या’. त्यांचं काम खरं आहे, आणि त्या बायकांचं दुःखही.

यंदाच्या मेळाव्यात दर खेळाला चिठ्ठ्या बदलल्या. सकाळची पिवळी दुपारी हिरवी! पंगत एकच बसली. पण भांडी घासताना मनात आलं, चिठ्ठीचा कागद संध्याकाळी केराच्या टोपलीत गेला. जन्मताच हातात पडलेल्या आडनावाच्या, जातीच्या, गल्लीच्या चिठ्ठ्या आपण कधी खाली ठेवणार?