एडिथ क्लार्क

एडिथ क्लार्क (१० फेब्रुवारी, १८८३ – २९ ऑक्टोबर, १९५९) या अमेरिकन विद्युत अभियंता होत्या. लांब पल्ल्याच्या पारेषण वाहिन्यांतून किती वीज निर्धोकपणे नेता येते, याच्या गणिती विश्लेषणासाठी त्या ओळखल्या जातात.

त्यांचा जन्म मेरिलँड राज्यात झाला. बाराव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या. वारशाने मिळालेला पैसा त्यांनी शिक्षणासाठी खर्च केला आणि १९०८ मध्ये व्हासार महाविद्यालयातून पदवी घेतली. काही वर्षे अध्यापन केल्यावर एटी अँड टी कंपनीत त्या ‘संगणक’ म्हणून रुजू झाल्या; त्या काळी हा शब्द यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या माणसांना लावला जाई. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तरीही अभियंत्याचे पद त्यांना मिळाले नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांच्याकडे गणकांच्या गटाची देखरेख आली. १९२१ मध्ये ती नोकरी सोडून त्या तुर्कस्तानात भौतिकशास्त्र शिकवण्यास गेल्या. परतल्यावर, १९२२ मध्ये, त्याच कंपनीने त्यांना अभियंता म्हणून घेतले.

वाहिनी जितकी लांब आणि तिच्यावरील भार जितका मोठा, तितका तिच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांचा मेळ राखणे अवघड होते. मर्यादा ओलांडली की यंत्रे एकमेकांशी जुळलेली राहत नाहीत आणि पुरवठा कोसळू शकतो. ही मर्यादा आधी काढायची, तर वाहिनीची किचकट समीकरणे पुन्हापुन्हा सोडवावी लागत. क्लार्क यांनी त्यासाठी आलेखांवर आधारलेले गणनसाधन तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९२५ मध्ये मिळाले. १९२६ मध्ये पारेषण प्रणालीच्या स्थैर्यावरील निबंध वाचून अमेरिकन विद्युत अभियंता संस्थेपुढे निबंध सादर करणाऱ्या त्या पहिल्या महिला बनल्या.

एक तार जमिनीला टेकली, तर थ्री-फेज प्रणालीचा समतोल ढळतो. अशा बिघाडांच्या गणनेसाठी चार्ल्स फोर्टेस्क्यू यांची सममित घटकांची पद्धत उपलब्ध होती. क्लार्क यांनी तिचा विस्तार केला आणि अल्फा, बीटा व शून्य हे घटक वापरात आणले. १९४३ मध्ये प्रत्यावर्ती विद्युत प्रणालींच्या मंडल-विश्लेषणावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला.

निवृत्तीनंतर, १९४७ मध्ये, त्या टेक्सास विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवू लागल्या. १९४८ मध्ये वर उल्लेखिलेल्या संस्थेने त्यांना ‘फेलो’ केले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. अल्फा-बीटा घटकांच्या पद्धतीला आज ‘क्लार्क रूपांतर’ म्हणतात. विद्युत मोटारी व इन्व्हर्टर यांच्या नियंत्रणात ते वापरले जाते.